धोतराच्या गाठीपासून टी-पेशींपर्यंत

धोतर किंवा साडी कमरेला घट्ट बांधायची, बांधण्याची जागा कधी बदलायची नाही आणि वर्षानुवर्षे त्याच ठिकाणी काचू द्यायचे. कातडी आधी काळवंडते, मग सोलवटते आणि एखाद्याच्या नशिबी तिथेच न भरणारी जखम येते. परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात अशा जखमांचे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली आले, तेव्हा डॉ. वसंत रामजी खानोलकरांनी त्या रोगाला सरळ ‘धोती कॅन्सर’ म्हटले. १९४५ साली त्यांनी आणि सूर्याबाई या सहकारी संशोधिकेने एका अमेरिकी नियतकालिकात भारतातल्या सवयींमधून उद्भवणारे तीन नवे कॅन्सर मांडले. एक धोतराचा. दुसरा, जळते टोक तोंडात धरून चुट्टा ओढणाऱ्यांना टाळूला होणारा. तिसरा, खालच्या ओठाआड चुना-तंबाखूची खैनी धरून ठेवणाऱ्यांचा.

डीएनएची रचना उलगडायला तेव्हा अजून आठ वर्षे होती. ‘रेणवीय संशोधन’ हा शब्दप्रयोगही कोणाच्या तोंडी नव्हता. पण इथल्याच माणसाला, इथेच आणि असाच हा रोग का होतो, हे विचारण्याची जी रीत त्या निबंधात दिसते, तिनेच पुढे परळची प्रयोगशाळा आणि तिचा खारघरमधला विस्तार घडवला. संस्थेची गेल्या सत्तरेक वर्षांची वहिवाट पाहिली, तर तिचे खणखणीत काम याच प्रश्नातून निघालेले दिसते.

रुग्णालयाची हकिकत बहुतेकांना ठाऊक आहे. लेडी मेहरबाई टाटा १९३१ साली रक्ताच्या कॅन्सरने गेल्या. पुढच्याच वर्षी सर दोराबजीही गेले. त्यांच्या न्यासाने बांधलेले सात मजली रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले. आज राज्यातल्या कुठल्याही गावात ‘टाटाला नेलंय’ एवढे म्हटले की पुढे रोगाचे नाव सांगावे लागत नाही. खानोलकर सुरुवातीपासूनच तिथल्या प्रयोगशाळांचे प्रमुख होते. लंडन विद्यापीठातून विकृतिशास्त्रात एम.डी. होऊन आलेला हा माणूस नुसता अहवालावर सही करून थांबणारा नव्हता. निदान झाले की त्याचे कुतूहल सुरू होई. रुग्ण कुठला, खातो काय, चघळतो काय, नेसतो काय, लग्ने कुठल्या जातीत होतात, हे सारे त्यांना हवे असे. १९४९ साली एल. डी. संघवी यांच्यासह त्यांनी मुंबईतल्या सहा अंतर्विवाही समाजगटांच्या सात आनुवंशिक लक्षणांचा अभ्यास प्रसिद्ध केला. कॅन्सरशी थेट संबंध नसलेला हा उद्योग वाटतो खरा. पण सवयीचा वाटा किती आणि वंशाचा किती, हे वेगळे काढायचे तर आधी वंश मोजता यायला हवा.

१९५२ साली केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने रुग्णालयाला लागूनच ‘इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटर’ स्थापन केले आणि खानोलकर त्याचे संचालक झाले. विकृतिशास्त्राच्या खोलीला आता संस्थेचे नाव मिळाले, आणि माणसे गोळा होऊ लागली.

त्यात सर्वांत ठसठशीत नाव कमल रणदिवे यांचे. माहेरच्या त्या समर्थ. पुण्याच्या हुजूरपागेत शिकल्या; वडील फर्ग्युसनमध्ये जीवशास्त्र शिकवत. मुलीने डॉक्टर व्हावे अशी त्यांची इच्छा होती. मुलगी वनस्पतिशास्त्राकडे गेली आणि सीताफळाच्या कुळातल्या गुणसूत्रांवर तिने एम.एस्‌सी. केली. लग्नानंतर मुंबईला आल्यावर खानोलकरांकडे पीएच.डी., १९४९ साली. तिथून बाल्टिमोरला, जॉन्स हॉपकिन्समधल्या जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत. १९५१ साली हेन्रिएटा लॅक्स या रुग्णेच्या गाठीतून ‘हेला’ हा माणसाच्या पेशींचा पहिला अमर वाण ज्यांच्या हातून तयार झाला, ते हेच गाय.

ऊतिसंवर्धन, म्हणजे शरीराबाहेर पेशी जगवणे, हे तेव्हा अर्धे विज्ञान आणि अर्धे सोवळे होते. काचेच्या नळ्या धुऊन-उकळून निर्जंतुक करायच्या, साबणाचा अंशही उरता कामा नये. कोंबडीच्या रक्तद्रवाच्या साकळीवर गाठीचा खसखशीएवढा तुकडा बसवायचा. त्यावर रक्तजल आणि कोंबडीच्या गर्भाचा अर्क घालायचा. मग त्या नळ्या एका फिरत्या पिंपात आडव्या लावायच्या. पिंप इतके सावकाश फिरते की पेशी आळीपाळीने द्रवात बुडतात आणि हवेत येतात. हे फिरते पिंप गाय यांनीच बनवले होते. एवढे करूनही एक बुरशी शिरली की महिन्यांची मेहनत वाया. रणदिवे ही विद्या घेऊन परतल्या आणि परळला देशातली पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा त्यांनी उभी केली. कॅन्सरचा अभ्यास मेलेल्या, रंगवलेल्या कापांवरून जिवंत पेशीवर आला तो इथे. स्तनाच्या कॅन्सरमध्ये आनुवंशिकतेचा आणि संप्रेरकांचा संबंध त्यांनी उंदरांच्या खास वाढवलेल्या वंशांवर तपासला. १९६६ ते १९७० या काळात त्यांनी संस्थेची प्रभारी धुराही वाहिली. १९७३ साली भारतीय महिला वैज्ञानिक संघटना स्थापन करण्यात त्यांचा पुढाकार होता. निवृत्तीनंतर त्या नगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात आदिवासी मुलांच्या पोषणाची पाहणी करत राहिल्या.

दुसऱ्या, सत्यवती शिरसाट. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक हे त्यांचे हत्यार. तोंड हळूहळू उघडेनासे होणारा, गालाची आतली बाजू चिवट-पांढरट करणारा ‘सबम्युकस फायब्रोसिस’ हा खास आपल्याकडचा विकार. त्यातून पुढे कॅन्सरही होतो. हे मिरचीमुळे होते का, असा प्रश्न घेऊन शिरसाट आणि खानोलकरांनी निकृष्ट आहारावर ठेवलेल्या उंदरांच्या टाळूला मिरचीतले तिखट द्रव्य, कॅप्सेसिन, लावून पाहिले आणि १९६० साली ते प्रसिद्ध केले. मिरची पुढे बहुतांशी सुटली. आज दोषी म्हणून बोट दाखवले जाते ते सुपारीकडे. तरी तो प्रयोग फुकट गेला असे म्हणवत नाही. परक्या पाठ्यपुस्तकात हा रोग ओळभरही नसताना त्याला प्रयोगशाळेत आणण्याचे काम या दोघांनी केले.

कारभारी इतिहास थोडक्यात आटोपता येतो. १९६२ साली टाटा रुग्णालय अणुऊर्जा विभागाकडे आले. त्यामागची दृष्टी होमी भाभांची. १९६६ साली रुग्णालय आणि संशोधन केंद्र एका छत्राखाली येऊन ‘टाटा मेमोरियल सेंटर’ झाले आणि परळच्या प्रयोगशाळेचे नाव ‘कॅन्सर रिसर्च इन्स्टिट्यूट’ असे पडले. आरोग्यखात्याऐवजी अणुऊर्जा विभागाचे पाठबळ मिळाल्याचा फायदा पैशापेक्षा स्थैर्यात जास्त झाला, असे जुनी कामे पाहता वाटते.

सत्तर-ऐंशीच्या दशकांत संस्थेचे बरेच बळ कुष्ठरोगाच्या लसीकडे वळले होते. रुग्णांच्या ऊतीतून १९५८ साली परळला वाढवलेल्या जिवाणूला संस्थेचेच नाव मिळाले, ‘आयसीआरसी बॅसिलस’. त्यावरून डॉ. माधव देव आणि सहकाऱ्यांनी लस बनवली, तिच्या चाचण्याही झाल्या. पण बहुविध औषधोपचाराने कुष्ठरोग झपाट्याने आटोक्यात येत गेला आणि लसीची निकड ओसरली. त्याच सुमारास डॉ. सुधा गांगल यांच्या प्रतिकारशास्त्र विभागात भारतीय रुग्णांच्या तोंडातल्या गाठींपासून चार नवे पेशीवाण तयार झाले, ते १९९० साली प्रसिद्ध झाले. रणदिव्यांच्या नळ्यांचे हे सरळ वारस. परदेशी जिभेच्या पेशीवर औषध तपासून इथल्या तंबाखूच्या कॅन्सरबद्दल बोलण्याची पाळी त्यामुळे टळली. आणि रुग्णालयात डॉ. सुरेश अडवाणी यांनी १९८३ साली देशातले पहिले अस्थिमज्जा प्रत्यारोपण केले. आजच्या पेशी-उपचारांना लागणारी शिस्त तिथून रुजली.

यापुढची गोष्ट मुंबईत घडलेली नाही. सोलापूर जिल्ह्यात बार्शीच्या नर्गिस दत्त कॅन्सर रुग्णालयाच्या आधाराने १९८७ साली ग्रामीण भागातली पहिली कॅन्सर नोंदणी सुरू झाली होती. गावोगाव कोण कशाने आजारी पडते हे आधी कळले, म्हणूनच १९९९पासून शेजारच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव, जिल्ह्यात गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची मोठी चाचणी घेता आली. आंतरराष्ट्रीय कॅन्सर संशोधन संस्था, टाटा आणि बार्शी मिळून केलेली ही चाचणी. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायका, गावांचे ५२ गट. काहींची एचपीव्ही विषाणूच्या डीएनएची तपासणी, काहींची पॅप स्मिअर, काहींची ॲसिटिक ॲसिड लावून नुसत्या डोळ्यांनी पाहणी, आणि एका गटाला प्रचलित व्यवस्थेवर सोडलेले.

आठ वर्षांनी निकाल आला. आयुष्यात एकदाच केलेल्या एचपीव्ही तपासणीनंतर त्या गटात गर्भाशयमुखाच्या कॅन्सरने ३४ मृत्यू, तपासणी न झालेल्या गटात ६४. पुढच्या पायरीला गेलेले कॅन्सर ३९ विरुद्ध ८२. बाकीच्या दोन पद्धतींनी मृत्यूंत ठळक फरक पडला नाही. २००९ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आलेल्या या निबंधाने जगभरच्या तपासणी धोरणाला वळण दिले. चौथ्या गटातल्या बायकांना तपासणी का दिली नाही, यावरून या चाचणीवर पुढे कडक टीकाही झाली, आणि ती अनाठायी म्हणून झटकून टाकता येत नाही. रेणवीय संशोधन म्हटले की महागडी यंत्रे आणि शीतकपाटे डोळ्यांसमोर येतात. पण रेणूवर आधारलेल्या तपासणीने मृत्यू टळल्याचा या परंपरेतला सर्वांत भक्कम पुरावा मराठवाड्यातल्या खेड्यांतून आला.

२००२ साली प्रयोगशाळा परळची दाटी सोडून खारघरला, ६० एकरांच्या आवारात गेली. नाव लांबलचक, ‘ॲडव्हान्स्ड सेंटर फॉर ट्रीटमेंट, रिसर्च अँड एज्युकेशन इन कॅन्सर’; बोलताना सगळे ‘ॲक्ट्रेक’ म्हणतात. स्थलांतर नुसते जागेचे नव्हते. प्रयोगशाळेच्या शेजारीच संशोधनासाठीचे रुग्णालय उभे राहिले.

मानवी जीनोम वाचून झालेला होता आणि जगभर एकेका कॅन्सरचा जनुकीय नकाशा काढण्याची वाटणी झाली. भारताच्या वाट्याला, किंवा भारताने मागून घेतलेल्या वाट्यात, गाल आणि हिरडी यांच्या खाचेतला कॅन्सर आला. मिश्री, तंबाखू, गुटखा जिथे धरून ठेवतात नेमकी तीच जागा; खानोलकरांची खैनीवाली नोंद साठ वर्षांनी जनुकांच्या भाषेत पुन्हा लिहायची होती. कल्याणीची जैववैद्यकीय जीनोमिक्स संस्था आणि ॲक्ट्रेक यांनी ५० रुग्णांच्या गाठींतली जनुके वाचली आणि आणखी ६० रुग्णांवर पडताळून पाहिली. २०१३च्या निबंधात टीपी५३, कॅस्प८, नॉच१ अशी ओळखीची नावे होतीच. त्यांच्या जोडीला यूएसपी९एक्स, एमएलएल४, एआरआयडी२ अशी या रोगात नव्याने सापडलेली जनुकेही होती.

यातून लगेच औषध निघाले का? नाही. यातली बरीचशी जनुके पेशीची वाढ आवरून धरणारी आहेत, आणि कॅन्सरमध्ये ती मोडतात. ब्रेक तुटलेल्या गाडीला अडकलेल्या ॲक्सिलरेटरचा इलाज चालत नाही. आजवरची बहुतेक ‘टार्गेटेड’ औषधे अडकलेल्या ॲक्सिलरेटरवरच चालतात.

फुप्फुसाच्या कॅन्सरमध्ये मात्र तो ॲक्सिलरेटर सापडला. ईजीएफआर नावाच्या जनुकातला बदल पूर्व आशियात निम्म्यापर्यंत रुग्णांत आढळतो, युरोपीय वंशात बराच कमी. भारतीय माणूस यात कुठे बसतो? २०१३ साली टाटातल्या ९०७ रुग्णांच्या तपासणीतून आकडा आला २३ टक्के. म्हणजे चारांतल्या जवळजवळ एकाला गेफिटिनिबसारख्या साध्या गोळीचा उपयोग होऊ शकतो. पुढचा टप्पा टाटाच्या डॉक्टरांनीच गाठला. ३५० रुग्णांच्या चाचणीत त्यांनी या गोळीला नेहमीच्या दोन किमो-औषधांची जोड दिली, तर रोग आटोक्यात राहण्याचा मधला काळ ८ महिन्यांवरून १६ महिन्यांवर गेला. दोन्ही बाजूंची औषधे जुनी होती. नवा होता तो मेळ.

मुलांच्या लहान मेंदूत होणारी मेड्युलोब्लास्टोमा ही गाठ सूक्ष्मदर्शकाखाली एकच दिसते, रेणूंच्या पातळीवर मात्र ती चार वेगळे आजार आहे. त्यातल्या ‘डब्ल्यूएनटी’ गटाची मुले उपचारांनी बहुतेक बरी होतात. ‘गट ३’ची मुले बऱ्याचदा हातची जातात. कोणते मूल कुठल्या गटात, हे ओळखायला ताजी, गोठवून ठेवलेली गाठ लागे, आणि ती आपल्याकडे क्वचित मिळते. मिळतो तो मेणाचा ठोकळा. शस्त्रक्रियेनंतर गाठीचा तुकडा फॉर्मलिनमध्ये मुरवून पॅराफिनमध्ये बसवतात; जिल्ह्याच्या रुग्णालयातून आई-बाप जे पाकीट घेऊन येतात त्यात हाच बोटाच्या पेरापेक्षा लहान चौकोन असतो. फॉर्मलिनने त्यातल्या आरएनएचे तुकडे-तुकडे झालेले असतात. पण मायक्रोआरएनए मुळातच जेमतेम बावीस अक्षरांचे. ते आणखी काय तुटणार? डॉ. नीलम शिरसाट यांच्या गटाने हे हेरले. काही निवडक जनुके आणि मायक्रोआरएनए मोजून अशा ठोकळ्यावरूनच गट ओळखणारी चाचणी त्यांनी बसवली आणि २०१३ साली ती प्रसिद्ध केली. खर्च बेताचा, यंत्रही कुठल्याही बऱ्या प्रयोगशाळेत असणारे.

पुढचा विचार सरळ होता. डब्ल्यूएनटी गटाची मुले बरी होणारच असतील, तर सबंध मेंदू आणि कण्याला किरणोत्सर्ग देऊन त्यांची बुद्धी आणि उंची का खुडायची? टाटाने फक्त गाठीच्या जागेपुरता किरणोपचार देऊन पाहणारी चाचणी सुरू केली. मेंदू-कण्याच्या बाकीच्या भागात रोग परतू लागला, आणि चाचणी मुदतीआधीच थांबवण्यात आली. फसलेली ही चाचणी लपवून न ठेवता छापली गेली. सबंध कण्याचा किरणोपचार सोडायचा नाही, फक्त त्याची मात्रा उतरवायची, असा बदल करून पुढची चाचणी आखली गेली. संस्थेच्या यशोगाथांत सहसा न येणारे हे पान या लेखात असावे, असे वाटते.

गेल्या काही वर्षांत वर्तमानपत्रांत गाजले ते दुसरेच. डॉ. इंद्रनील मित्रा यांचे म्हणणे असे की मरणाऱ्या पेशींतून सुटलेले गुणसूत्रांचे कण रक्तातून फिरून निरोगी पेशींना इजा करतात, आणि तांबे व रेस्व्हेराट्रॉल एकत्र दिले तर हे कण निकामी होतात. २०२४च्या फेब्रुवारीत ‘शंभर रुपयांत कॅन्सर परतू न देणारी गोळी’ अशा मथळ्यांनी त्याचा गाजावाजा झाला. कल्पना धाडसी आहे, आणि उपचारांचे दुष्परिणाम कमी करण्याबाबत छोट्या अभ्यासांत आशा दिसली आहे. पण रोग परतणे थांबते की नाही, हे मोठ्या तुलनात्मक चाचणीतूनच ठरेल. तोवर मथळे पुराव्याच्या पुढे धावले, असेच म्हणावे लागते.

कार-टी उपचाराचा पुरावा त्या मानाने बराच पुढे गेला आहे. रुग्णाच्या रक्तातल्या टी-पेशी काढायच्या, निरुपद्रवी केलेल्या विषाणूच्या साहाय्याने त्यांत एक नवे जनुक घालायचे, की त्या कॅन्सरग्रस्त बी-पेशींवरची सीडी१९ ही खूण ओळखू लागतात. मग त्या वाढवून परत शिरेतून द्यायच्या. परदेशात याचा खर्च तीन-चार कोटी रुपयांच्या घरात जातो. आयआयटी मुंबईत डॉ. राहुल पुरवार यांच्या प्रयोगशाळेने या पेशी देशातच घडवल्या, आणि ४ जून २०२१ रोजी ॲक्ट्रेकच्या अस्थिमज्जा प्रत्यारोपण विभागात पहिल्या रुग्णाला त्या दिल्या गेल्या. ऑक्टोबर २०२३मध्ये ‘नेक्सकार१९’ला औषध नियंत्रकांची मान्यता मिळाली. ६४ रुग्णांवरचा अभ्यास २०२५ साली ‘लॅन्सेट हेमॅटॉलॉजी’त आला, प्रतिसादाचे प्रमाण ७३ टक्के होते. किंमत चाळीस लाखांच्या आसपास. परदेशी दराच्या मानाने ती एक दशांशाच्या जवळ आहे; अकोला-नांदेडच्या शेतकरी कुटुंबाला मात्र जमीन विकूनही झेपेल असे नाही.

किमतीचाच विचार करताना परळला एक निराळा प्रश्न पुढे आला: औषध स्वस्त होत नसेल, तर ते इतके लागतेच का? डोके-मानेच्या, पुढच्या पायरीला गेलेल्या कॅन्सरवरचे निव्होलुमॅब हे प्रतिकारशक्ती जागवणारे औषध आपल्याकडे शंभरांतल्या एक ते तीन रुग्णांनाच परवडते. डॉ. विजय पाटील, डॉ. कुमार प्रभाष आणि सहकाऱ्यांनी ठरलेल्या मात्रेच्या एक दशांशाहूनही कमी, दर तीन आठवड्यांना अवघे २० मिलिग्रॅम, एवढेच ते दिले. जोडीला मेथोट्रेक्सेट, सेलेकॉक्सिब आणि एर्लोटिनिब या तोंडाने घ्यायच्या औषधांची स्वस्त मात्रा. १५१ रुग्णांची चाचणी. नुसत्या तोंडी औषधांवर वर्षभरानंतर १६.३ टक्के रुग्ण हयात होते, निव्होलुमॅबचा तो अल्प डोस मिळालेल्यांत ४३.४ टक्के. २०२३ साली हे ‘जर्नल ऑफ क्लिनिकल ऑन्कॉलॉजी’त छापून आले. औषध कंपनी अशी चाचणी आपणहून घेण्याची शक्यता कमी. आपलेच औषध दहापट कमी खपवण्यात तिला काय मिळणार? ही चाचणी बाजारावर नव्हे तर सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या रुग्णालयात झाली, यात नवल नाही. त्यातले बहुतेक रुग्ण तोंडाच्या आणि घशाच्या कॅन्सरचे, म्हणजे पुष्कळसे तंबाखूचेच होते. हा डोस आता देशातल्या इतर कॅन्सर रुग्णालयांतही दिला जाऊ लागला आहे.